वस्तऱ्याने दाढी शिकायची तर आधी ब्लेडचा वस्तरा घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजवर कार्ट्रिजच्या रेझरने दाढी केली, आता वस्तऱ्याने करायला शिकायचं आहे. आधी ब्लेड बदलायच्या वस्तऱ्यावर हात बसवून मग खऱ्या वस्तऱ्याकडे वळावं का? नीट जमायला किती दिवस लागतात? आणि मानेवर येणारं पुरळ त्याने थांबेल का?

पहिल्याचं थेट उत्तर देतो. नुसता हात बसवण्यासाठी ब्लेडचा वस्तरा घेऊ नका. तोच कायम वापरायचा असेल तर जरूर घ्या.

मी नेमकं तुम्ही म्हणताय तेच केलं होतं. खऱ्या वस्तऱ्याला धार परजायचा चामड्याचा पट्टा लागतो, धार सांभाळावी लागते, म्हणून आधी ब्लेडचा आणला आणि चार महिने वापरला. हनुवटीच्या उजव्या कोपऱ्यावर एकाच जागी तीनदा कापलं. त्याहून वाईट म्हणजे हाताला एक खोड लागली: भीतीने ओढ अर्ध्यातच थांबवायची आणि पातं तसंच कातडीवर टेकलेलं ठेवायचं. पुढे खरा वस्तरा हातात आल्यावर ती खोड मोडायला आणखी दोन महिने गेले.

दोन्ही दिसतात सारखे, पण पाती अगदी वेगळी. खऱ्या वस्तऱ्याची पाठ साधारण साडेचार-पाच मिलिमीटर जाड असते. तिथून पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासत धारेपर्यंत पातळ आणलेलं असतं. वजन पाठीत असल्यामुळे वस्तरा स्वतःच्या भाराने चालतो, हाताने दाबावं लागत नाही. शिवाय पातळ पातं बोलतं. केस कापले जाताना बारीक कुरकुर ऐकू येते, कोन बिघडला की आवाज बदलतो. नवशिक्याला हा आवाज फार शिकवतो. म्हणून दाढी करताना नळ आणि गाणी दोन्ही बंद ठेवा.

ब्लेडच्या वस्तऱ्यात बहुतेक वेळा दुधारी ब्लेडचा अर्धा तुकडा बसतो. हे ब्लेड मुळात कशासाठी जन्मलं ते बघा. किंग कॅम्प जिलेटने १९०३ साली आपला रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पट्टा आणि दगड यांच्या कटकटीतून माणसाला सोडवायचं, हाच त्याचा हेतू होता. त्यासाठी त्याने पातळ पोलादी पत्र्याचं, धार गेली की टाकून द्यायचं ब्लेड केलं. आजचं दुधारी ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. सेफ्टी रेझरमध्ये ते किंचित वाकवून वरच्या टोपीखाली आवळलेलं असतं आणि धारेच्या पुढे संरक्षक दांडी असते. ते मोडून अर्धं करून उघड्या दांड्यात बसवलं की ती दांडीही जाते आणि कोन धरून ठेवणारी टोपीही. उरते ती अतिशय तीक्ष्ण, हलकी धार आणि तिचे दोन टोकदार कोपरे. माझ्या हनुवटीला तिन्ही वेळा कोपराच लागला होता, मधली धार नाही.

म्हणजे ब्लेडचा वस्तरा वाईट का? मुळीच नाही. एकाच हत्याराने अनेकांची दाढी करायची असेल तर दर माणसाला नवं ब्लेड हाच योग्य मार्ग. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा संसर्ग रक्त लागलेल्या पात्यातून होऊ शकतो, त्यामुळे घरातल्या घरातही ब्लेड कुणाबरोबर वाटून वापरू नका. प्रवासात तो सोयीचा, ओलीने गंजायची काळजी नाही. आणि ज्याचा हात त्यावर बसला आहे तो त्याने अप्रतिम दाढी करतो. फक्त त्याला खऱ्या वस्तऱ्याची पहिली पायरी समजू नका.

पहिली पायरी हवीच असेल तर ती दुधारी सेफ्टी रेझरची. महिनाभर तो वापरा. दाब न देणं, केसांचा रोख ओळखणं, फेस नीट करणं, ही वस्तऱ्याला लागणारी तीन कामं त्यात बिनधोक शिकून होतात.

फेसाबद्दल मी जरा आग्रही आहे. बहुतेकांच्या फेसात पाणी कमी असतं. ब्रशने घोटताना पाणी थेंबाथेंबाने वाढवत जा. मोठे बुडबुडे जाऊन फेसाला चकाकी आली आणि तो बोटांत निसरडा लागला की झाला. त्याआधी दोन-तीन मिनिटं चेहरा कोमट पाण्याने भिजलेला राहू द्या, कारण पाणी प्यायलेला केस बराच मऊ पडतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. पोलादाच्या मानाने केस सुमारे पन्नास पटींनी मऊ, तरी तो धारेचे टवके उडवतो असं त्यांना दिसलं. केस वाकून धारेला तिरका भिडला आणि तिथे पोलादाची घडण एकसारखी नसली की टवका निघतो. धार नुसती झिजून जात नाही, ती अशी तुटतेही. ते वाचल्यापासून मी भिजवण्यात कधी घाई केली नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि ही सहसा कुणी नीट सांगत नाही. वस्तऱ्याची दाढी जमते ती वस्तरा न धरलेल्या हातामुळे. सैल कातडीवर जगातलं उत्तम पातंही अडखळतं. कातडी धारेपुढे लाटेसारखी गोळा होते आणि त्या लाटेवर कापतं. ताणलेल्या कातडीवर मात्र साधारण हातही सहज चालतो. मी वस्तरा कसा धरावा यावर महिनोन्महिने डोकं लावलं. डावा हात कुठे ठेवायचा हे शोधायला लागलो तेव्हा कुठे दाढी सुधारली.

गालावर वरून खाली येताना डावा हात डोक्यावरून आणून कानापुढची कातडी वर ओढा. जबड्याच्या हाडावर पातं कधीच थेट चालवू नका. खालची कातडी ओढून हाडाच्या वर, गालाच्या सपाटीवर आणा आणि तिथे कापा. कंठमण्याचंही तसंच. तिथली कातडी बाजूला सरकवून सपाट भागावर घ्या. वरच्या ओठासाठी ओठ दातांवर ताणून धरा आणि नाकाचा शेंडा हलकेच वर करा. हनुवटी सर्वांत अवघड, तिथे गोलाई आहे आणि केस दाट. तिथे अर्ध्या इंचाहून लांब ओढ नको. बोटं ओली असतील तर कातडी निसटते, म्हणून डाव्या हाताची बोटं कोरडी ठेवा. मी ती ओल्या तुरटीच्या खड्यावर घासून घेतो, मग पकड सुटत नाही.

पात्याचा कोन डोळ्यांनी मोजत बसू नका. पातं कातडीवर सपाट टेकवा आणि पाठ तिच्याच जाडीच्या एक-दीड पट वर उचला. साधारण तीस अंशांच्या आत राहाल. कोन जास्त झाला तर ओरबाडतं, फार कमी झाला तर केस ओढले जातात. ओढ नेहमी धारेला काटकोनात. पातं धारेच्या दिशेने, सुरी सरकवावी तसं, आडवं सरकलं की कापलंच म्हणून समजा. आणि वस्तरा हातातून सुटला तर तो धरायला जाऊ नका, मागे सरा. पातं खराब होईल, होऊ दे.

पहिला आठवडा फक्त दोन गाल. बाकीचा चेहरा नेहमीच्या रेझरने उरकायचा. दुसऱ्या आठवड्यात जबडा, मग मान, शेवटी ओठ आणि हनुवटी. सकाळी घाईत नको, सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री करा. तारुण्यपीटिका किंवा उंच तीळ असेल ती जागा सोडून द्या. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हे शिकण्याआधी डॉक्टरांना विचारा. बारीक कापलं तर गार पाणी आणि तुरटी पुरते. खोल लागलं तर स्वच्छ कपड्याने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा, तरी रक्त थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

वस्तरा निवडताना ५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचा, म्हणजे १६ ते १९ मिलिमीटरचा, गोल टोकाचा घ्या. चौकोनी टोक दिसायला देखणं असतं, पण सुरुवातीला कानाची पाळी आणि नाकपुडी त्याच्यापासून सुरक्षित नाहीत.

आणि नव्या वस्तऱ्याला दाढीची धार असेलच असं धरून चालू नका. माझा पहिला वस्तरा कोराकरकरीत डब्यातून निघाला आणि तीन आठवडे मला वाटत राहिलं की माझाच हात वाईट आहे. दर ओढीला केस उपटल्यासारखे व्हायचे, डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी धार लावणाऱ्या एका जाणत्याकडे तो दिला. त्याने तो दगडांवर, सर्वांत शेवटी १२००० ग्रिटच्या, म्हणजे अतिशय बारीक कणांच्या, दगडावर काढून परत दिला आणि त्याच हाताने, त्याच साबणाने, पहिल्याच दिवशी गाल गुळगुळीत झाला. केवढा मनस्ताप वाचला असता. म्हणून धार लावून तयार केलेलाच वस्तरा घ्या, नाहीतर घेतल्याबरोबर कुणाकडून तरी लावून घ्या. दगडावरचं काम पहिल्या वर्षी स्वतः करू नका. तिथे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची असतात. धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदीच ठरवतात, हा या हत्याराच्या रचनेतला मला सर्वांत आवडलेला भाग.

पट्टा मात्र पहिल्या दिवसापासून तुमचाच. प्रत्येक दाढीआधी चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या, पाठ पुढे आणि धार मागे. टोकाशी आल्यावर वस्तरा पाठीवर पलटायचा, धारेवर नाही. धारेवर पलटलात की चामडं कापलं जातं आणि धारही जाते. पट्टा ताठ धरा, दाब नको, वेग तर मुळीच नको. तो सैल पडला तर धार गोल होते आणि वस्तरा पुन्हा दगडावर न्यावा लागतो. सगळं नीट केलं तर दगडाची गरज काही महिन्यांनी पडते. दाढी झाल्यावर पातं पाठीकडून धारेकडे पुसून पूर्ण कोरडं करा. साधं पोलाद एका रात्रीत गंजाचे ठिपके धरतं, म्हणून वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका.

आता मानेबद्दल. कार्ट्रिजमध्ये अनेक पाती एकामागोमाग असतात. पहिलं केस ओढतं आणि पुढचं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं. केस कुरळा असेल तर वाढताना तो परत कातडीत शिरतो आणि तिथे पुरळ उठतं. एकच पातं, सुलट म्हणजे केसांच्या रोखाने, असं केलं तर बऱ्याच जणांचा हा त्रास कमी होतो, माझाही झाला. पण वस्तऱ्याने उलटा हात मारलात तर तोच त्रास परत येईल. एका दिवसाचे खुंट असताना मानेवर बोट चारही दिशांनी फिरवून बघा. ज्या दिशेने गुळगुळीत लागेल तो केसांचा रोख. मानेवर तो क्वचितच सरळ खाली असतो. माझ्या डाव्या बाजूला तो कानाकडे आडवा जातो आणि वर्षानुवर्षं मी तिथे वरून खाली, म्हणजे केसांच्या रोखाला आडवं कापत होतो. कागदावर मानेचं चित्र काढून बाण मारा आणि ते आरशाशेजारी लावा. पहिले दोन महिने मानेवर फक्त सुलट हात. कातडी शांत राहिली तर मग आडवा दुसरा हात. उलटा हात मानेवर मी आजही मारत नाही. पुरळात पू धरत असेल किंवा डाग राहत असतील तर मात्र वस्तऱ्याची वाट न बघता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

किती दिवस? माझ्यापुरतं सांगतो. पट्ट्यावर हात बसायला महिना लागला, न कापता पूर्ण चेहरा व्हायला साधारण चाळीस दाढ्या. आणि आपण वस्तऱ्याने दाढी करतोय हे विसरून आरशात दिवसभराच्या कामांचा विचार करत उभा राहिलो, तो दिवस पाचव्या महिन्यात आला. त्याच दिवशी हनुवटीवर पुन्हा कापलं, तेव्हा तसा विचार मात्र करत बसू नका.