जर्मन पेपरात येतं, तोंडातून येत नाही

तुमचा प्रश्न असा की जर्मन बी-वन म्हणजे मधली पातळी झाली, लेखीत ऐंशीच्या वर मार्क, डेर-डी-दास (नामाच्या लिंगाप्रमाणे त्याच्या आधी लागणारे शब्द) तोंडपाठ, तरी ऑफिसच्या कॉलवर जर्मन माणूस आला की वाक्यच निघत नाही, तर हा मेमरीचा दोष का क्लासचा. मी पुण्यात बरीच वर्षं जर्मनच्या बॅचेस घेतेय, त्यावरून सांगते. मेमरी ठणठणीत आहे हो तुमची, फक्त तिच्याकडून तयारी एका कामाची करून घेतली आणि आता मागताय दुसरंच.

गाळलेल्या जागा भरताना वाक्य समोर छापलेलं असतं, वेळ असतो, मिट (म्हणजे 'सोबत', 'ने') दिसलं की डाटिव ही विभक्ती आठवायची आणि डेरचं देम लिहून मोकळं व्हायचं. बोलताना यातलं काहीच नाही. सराईत माणूस सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो, तेवढ्यात काय बोलायचं ते ठरवा, शब्द शोधा, लिंग बघा, क्रियापद कुठे टाकायचं ते बघा, वर समोरचा काय म्हणतोय तेही ऐका. आणि डोक्यात एका वेळी धरून ठेवायला जागा किती, तर मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मधे सातच्या आसपास गोष्टी म्हटलं होतं, कोवन या दुसऱ्याने २००१ मधे ते चारवर आणलं. त्या चारातल्या तीन जागा व्याकरणाने अडवल्या तर मुद्दा राहणार कुठे!

म्हणून नियम माहीत असणं आणि तो न आठवता वापरता येणं यात फरक आहे, आणि दुसरं फक्त वापरूनच येतं. इथे कुणीतरी लगेच लिहील की ग्रामर सोडा, नुसत्या सिरीज बघा. नाही पटत. कॅनडात मुलांना शाळेत सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायचा प्रयोग झाला, वर्षानुवर्षं रोज फ्रेंच कानावर, समजायचं जवळजवळ फ्रेंच मुलांइतकं, पण बोलताना व्याकरणाच्या चुका तशाच. त्यावरूनच मेरिल स्वेन या भाषा-संशोधक बाईंनी १९८५ मधे मांडलं की ऐकून पुरत नाही, स्वतः वाक्य बनवायला लागलं की कुठे अडतंय ते कळतं.

आता करायचं काय. शब्दांच्या याद्या परत परत वाचणं बंद करा, वाचताना सगळं येतंय असंच वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, उतारा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे होती, आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारी पुढे गेली. तुम्ही लिहू नका, मोठ्याने बोलून आठवा. आणि सुटा शब्द नको, अख्खा तुकडा घ्या, म्हणजे मिट देम बुस ('बसने') एकदम, मग तिथे डाटिव शोधायचं कामच उरत नाही.

दुसरं म्हणजे चार-तीन-दोन. एकच विषय, समजा तुमचं प्रोजेक्ट, एकाला चार मिनिटांत सांगा, तेच दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन. माणसं नाही मिळाली तर फोनवर रेकॉर्ड करा. तेच तेच बोलून कंटाळा येतो म्हणून लोक रोज नवा विषय घेतात आणि तिथेच माती खातात, कारण विषय तोच राहिला की काय बोलायचं याचा भार जातो आणि सगळं लक्ष भाषेकडे वळतं.

एक गंमत म्हणजे वाइल ('कारण') आलं की जर्मन क्रियापद शेवटी जातं, अगदी आपल्या मराठीसारखं, वाइल इश काइने त्साइट हाबे ('कारण मला वेळ नाही'), तरी बॅचमधे निम्मी मुलं हाबे हे क्रियापद वाक्याच्या मधेच घुसवतात, कारण आधी इंग्लिश शिकलोय आणि परकी भाषा म्हटलं की डोकं तिकडेच धावतं. अशा वेळी वाक्य मनात मराठीतून जुळवलेलं चालेल, बिनधास्त.

पार्टनर मिळाला तर त्याला एवढंच सांगा, की बोलताना मधे थांबवायचं नाही, शेवटी दोनच चुका सांगायच्या आणि त्या धरून तोच विषय पुन्हा बोलायचा. सुरुवातीला चुका वाढलेल्या दिसतील, वेग वाढवला की तसं होतंच.