'मखमली मुंगी' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: एका किड्याच्या फोटोखाली 'मखमली मुंगीची दुर्मिळ प्रजाती' असं लिहिलेलं होतं. मखमली मुंगी म्हणजे आपला मृगाचा किडाच ना? आणि ती खरंच मुंगी असते का?

मृगाचा किडा नव्हे, आणि मुंगीही नव्हे. मृगाचा किडा पहिल्या पावसानंतर मातीतून वर येतो, अंगभर लालभडक असतो आणि त्याला पाय आठ. तो कोळ्यांच्या नात्यातला. मखमली मुंगी म्हणजे इंग्रजीतली 'वेल्व्हेट अँट'. तिला पाय सहा, आणि ती गांधीलमाश्यांच्या गोतावळ्यातली. तिच्या कुळाचं नाव म्युटिलिडी.

एका जुलैत माळावरच्या पायवाटेवर मला एक दिसली होती. छाती विटकरी, पोट काळंभोर, त्यावर पांढरे ठिपके, सगळीकडे दाट लव. क्षणभरही न थांबता ती गवताच्या बुडाशी, मातीच्या भेगांत तोंड घालत पळत होती. काडीनं हलकेच दाबली तर बारीक चिरचिर ऐकू आली. पोटाचे भाग एकमेकांवर घासून ती हा आवाज काढते. तिची ती धावपळ बिळं शोधण्यासाठी असते. जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या बिळात शिरून ती त्यांच्या अळीवर किंवा कोषावर अंडं घालते. हातानं मात्र उचलू नका, नांगी लांब असते आणि डंख जबर. अमेरिकेत एका मोठ्या लाल-काळ्या जातीला लोक 'गाय मारणारी' म्हणतात. गाय काही मरत नाही, पण ठणका किती असेल ते त्या नावावरून कळतं.

मुंगीच्या बारीक कमरेवर एक किंवा दोन ठळक गाठी असतात, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. इथे तसं नसतं. मुंगीचा भास होतो तो मादीला पंख नसल्यामुळे. नराला पंख असतात आणि तो सरळसरळ गांधीलमाशीसारखाच दिसतो. मग त्याला काय म्हणायचं, 'मखमली मुंगळा'? मराठीत मुंगळा म्हणजे मोठी काळी मुंगी, मुंगीचा नर नव्हे. वारुळाबाहेर दिसणारे कामकरी मुंगळेसुद्धा माद्याच असतात!

हा नर-मादीतला फरक अभ्यासकांनाही चकवतो. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं 1758 साली या किड्यांसाठी 'म्युटिला' हे नाव वापरलं. लॅटिनमध्ये 'मुटिलुस' म्हणजे छाटलेला, तोडलेला; बिनपंखी मादीला ते शोभतं, पंखवाल्या नराला नाही. पुढे कित्येकदा एकाच जातीच्या नराला एक नाव मिळालं आणि मादीला दुसरं. नर-मादी मीलनात सापडले किंवा डीएनए जुळला, की दोन नावांची एक जात होते आणि आधीचं नाव टिकतं. आजही अनेक जातींचा फक्त नर किंवा फक्त मादीच माहीत आहे.

कुणी म्हणेल, खवले मांजर कुठे मांजर असतं, देवमासा कुठे मासा असतो? खरं आहे, आणि ती नावं मला प्रिय आहेत, कारण ती लोकांच्या तोंडी घडली आहेत. 'मखमली मुंगी' हे मात्र इंग्रजी नाव शब्दाला शब्द लावून आणलेलं आहे. इंग्रजीत वाळवीला 'व्हाइट अँट' म्हणत आले, म्हणून आपण तिला पांढरी मुंगी म्हटलं नाही. आपल्याकडे वाळवी होती, उधई होती. म्हणून मी 'मखमली गांधील' असं लिहितो. नर आणि मादी दोघांनाही ते चालतं.

आता 'प्रजाती'. आपल्या शालेय जीवशास्त्रात 'स्पीशीज' म्हणजे जाती आणि 'जीनस' म्हणजे प्रजाती. हिंदीत 'स्पीशीज'ला प्रजाति म्हणतात, आणि बातम्यांतून ते मराठीतही शिरलं. वरच्या 'गाय मारणारी'चं शास्त्रीय नाव 'डॅसिम्युटिला ऑक्सिडेंटॅलिस'. त्यात पहिला शब्द प्रजातीचा, आणि दोन्ही मिळून जातीचं नाव. त्या फोटोखाली खरं म्हणजे जाती हवं होतं. तेही जपून, कारण या कुळात नुसत्या फोटोवरून जात ठरवणं फार अवघड असतं. लवेची ठेवण, छातीचा आकार, पोटावरच्या खाचा भिंगाखाली पाहाव्या लागतात. मी त्या फोटोखाली एवढंच लिहिलं असतं: 'मखमली गांधील, मादी. कूळ म्युटिलिडी.'