काय सोडतेस ते आधी सांग

अगं,

तुझे रात्री पावणेबाराचे मेसेज सकाळी चहा घेताना वाचले. सायन्स घेऊ की आर्ट्स, सायन्सला गेले तर बायो ठेवू का, आयटी घेतलं तर मराठी जातं पण आयटी स्कोरिंग आहे म्हणतात, मामा म्हणतो कॉमर्स कर, आणि सगळ्यात शेवटी, "बाई मला गणित आवडतं पण फिजिक्स केमिस्ट्री नको वाटतं, आणि आर्ट्सला गणित नसतं ना." हे वाक्य तू सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतंस. वरचं सगळं मामाचं, क्लासवाल्यांचं आणि तुझ्या ग्रुपमधल्या मुलींचं आहे. तुझं स्वतःचं एवढंच आहे, आणि ते तू भीतभीत शेवटी टाकलंस.

मार्कांबद्दल आता काही बोलत नाही, पेढे खाऊन झालेत.

माझं म्हणणं तुला माहीत आहे, वर्गात पण सांगायचे. काय घेतेस ते राहू दे, काय सोडतेस ते सांग. अकरावीत विषय निवडायचे म्हणजे खरं तर सोडायचे असतात. दहावीपर्यंत बोर्डाने तुला सहा विषय बांधून दिले होते, तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, त्यात तुझी निवड काय होती तर हिंदी, संस्कृत की दोन्ही अर्धं अर्धं म्हणजे संयुक्त एवढीच. आता पहिल्यांदा कोणीतरी तुझ्या हातात कात्री देतंय आणि तू शिवलेला ड्रेस कसा दिसेल ते विचारतेयस, कापड कुठून कापलं जातंय ते बघतच नाहीस.

आता गणिताचं. आर्ट्सला गणित नसतं हे तुला कोणी सांगितलं? बालभारतीच्या साइटवर जा, अकरावीचं गणिताचं पुस्तक उघड, फुकट आहे. कव्हरवर काय छापलंय वाच. गणित व संख्याशास्त्र, आणि त्याखाली कंसात कला व विज्ञान. कला पहिलं लिहिलंय बघ. कॉमर्सचं पुस्तक वेगळं, त्यांचा पेपर वेगळा, पण आर्ट्सची मुलगी आणि सायन्सची मुलगी गणिताचा एकच पेपर लिहितात. बोर्डाने तुझ्यासाठी दार उघडं ठेवलंय. बंद आहे ते कॉलेजात, आणि का बंद आहे तेही सांगते, कारण हे मी आतून बघितलंय. विषय चालवायचा तर मान्य पद लागतं, मुलं लागतात, तासांचा वर्कलोड भरावा लागतो. आर्ट्सला गणित कोणी मागत नाही म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून पुढच्या वर्षी कोणी मागत नाही, असं वर्षानुवर्षं चाललंय. पण ज्या कॉलेजात आर्ट्स आणि सायन्स एकाच इमारतीत आहेत तिथे गणिताचा शिक्षक असतोच की! सायन्सच्या गणिताचा तास आणि आर्ट्सच्या इतिहासाचा तास वेळापत्रकात समोरासमोर ठेवले की झालं, गणितवाली मुलगी त्या तासाला सायन्सच्या वर्गात जाऊन बसेल. मी वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलंय, अशक्य आहे म्हणून कोणी सांगितलं तर माझ्याकडे पाठव.

आणि हे ऑनलाइन फॉर्म भरायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. आता सगळ्या राज्याची अकरावीची अ‍ॅडमिशन ऑनलाइन झालीय, तू दहा पसंती भरणार, पण त्या फॉर्ममध्ये कॉलेज आणि शाखा भरायची असते. विषय ठरतात कॉलेजच्या काउंटरवर, तिथला क्लार्क विचारतो हे की ते, मागे रांग असते, वडील घड्याळ बघत असतात, आणि पोरं पुढच्या पोराने जे घेतलं तेच सांगून मोकळी होतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरला कोणतं कॉलेज टाकायचं ते तिथे जाऊन, विचारून, शक्य असेल तर लिहून घेऊन ठरव.

तू म्हणशील बाई एका गणितासाठी एवढं काय. ऐक मग. मी १९८४ ला दहावी झाले. गणितात मला चांगले मार्क होते, पण घरी येऊन एका मोठ्या माणसाने वडिलांना सांगितलं की मुलीला आर्ट्सला घाला, गणिताचं ओझं कशाला. घातलं. मला राग पण आला नाही, भूगोल मिळाला आणि मी त्यात रमले. पुढे एमए केलं, नोकरी लागली, आणि मग डोक्यात बसलं की आपल्या सातारा जिल्ह्याच्या पावसावर काम करायचं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आणि तिथून सव्वाशेक किलोमीटरवर म्हसवडला पाचशेच्या आसपास, एकाच जिल्ह्यात! याच्यापेक्षा मोठा प्रश्न जगात मला दिसत नव्हता. वह्या भरून आकडे उतरवले होते मी. पण आकडे नुसते उतरवून काही होत नाही, संख्याशास्त्र लागतं, प्रमाण विचलन, सहसंबंध, त्याच्या पुढचं सगळं, आणि मी अडकले. सोळाव्या वर्षी सोडलेलं गणित पस्तिसाव्या वर्षी आडवं आलं. रात्री मुलं झोपल्यावर सायन्सची पुस्तकं घेऊन बसायचे, काही जमलं, बरंच नाही जमलं, आणि मग मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, ते काम तसंच राहिलं. वह्या अजून कपाटात आहेत. मला भूगोल घेतल्याचं एक क्षणभरसुद्धा वाईट वाटलं नाही. गणित सोडलं त्याचं वाटतं, अजून वाटतं.

म्हणून परत विचारते, काय सोडतेस?

एनडीएचं, सैन्यात अधिकारी व्हायच्या अकादमीचं, तू मागे बोलली होतीस. मुलींना २०२१ पासून परीक्षा देता येते, आर्ट्सवरून आर्मी विंगला बसता येतं, पण लेखी परीक्षेत ३०० मार्कांचा पेपर गणिताचा आहे, तो कोणालाच चुकत नाही. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं तर गणित लागतं. स्टॅटिस्टिक्सला तर लागणारच. फिजिक्स केमिस्ट्री सोडलीस तर इंजिनीअरिंग गेलं, बायो सोडलंस तर मेडिकलची नीट परीक्षा गेली, आणि ते जाऊ दे, तुला कधी नकोच होतं ते. नको असलेलं सोडायला मी कधीच अडवणार नाही. हवं असलेलं सोडतेयस म्हणून ओरडतेय.

आता ते स्कोरिंग. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. २०१८ ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला ७७.१० झाला. एका वर्षात महाराष्ट्राची मुलं ढ झाली का? पॅटर्न बदलला होता, भाषांचे तोंडी परीक्षेचे २० मार्क काढून घेतले होते, मग पुढे परत दिले. म्हणजे स्कोरिंग विषय असा नसतोच, मार्कांची मांडणी असते आणि ती मुंबई-पुण्यात बसून कोणीही कधीही बदलतं. त्यावर तू तुझी दोन वर्षं लावणार?

आणि आयटीसाठी मराठी सोडायचं म्हणतेस. आयटी वाईट विषय आहे असं मी म्हणत नाही, आवडत असेल तर घे. पण तुला आवडतं म्हणून नाही घेत आहेस तू, त्याची परीक्षा कंप्युटरवर होते आणि मार्क पडतात म्हणून घेतेयस. दहावीपर्यंत मराठी सक्तीचं करायला २०२० मध्ये राज्याला कायदा करावा लागला, आणि अकरावीच्या काउंटरवर आपलीच पोरं ते हसत हसत टाकून देतात. तुझे निबंध मी तपासलेत गं. ती मुलगी मराठी सोडणार असेल तर मला त्रास होणारच.

एक गोष्ट अजून सांगायची आहे, ही मी फार जणांना सांगितलेली नाही. आपल्या शाळेत अ तुकडीला संस्कृत, ब ला संयुक्त, क ला हिंदी असं असायचं, ते वेळापत्रक मीच लावायचे. एक मुलगा क तुकडीतला, आठवीत आला होता माझ्याकडे, म्हणाला मला संस्कृत पाहिजे, आजोबांचं ऐकून त्याचे श्लोक पाठ होते. मी म्हटलं हिंदी सोपं जाईल तुला. संस्कृतच्या बाई एकच, त्यांचे तास भरलेले, एका मुलासाठी अख्ख्या तुकडीचं वेळापत्रक हलवायचं तर वरून बोलणी, निकालाची काळजी वेगळीच. माझ्या हातात फार काही नव्हतं हे खरंच आहे, कोणीही शिक्षक सांगेल. पण समोरासमोर तास तेव्हाही ठेवता आले असते. मला ते येत होतं. त्याने परत कधी काही विचारलं नाही मला, चांगला शिकला, भेटला की पाया पडतो, आणि मला दर वेळी तेच आठवतं. तुला विषय सोडायला लावायला पण काउंटरवर असंच कोणीतरी बसलेलं असणार, माझ्यासारखंच, वाईट माणूस नसणार, फक्त त्याचं वेळापत्रक आधी लागलेलं असणार.

मामाला मी फोन करते, त्यांची चिंता पैशाची आहे ती मला कळते, त्यावर बोलू आम्ही. तू त्यांच्याशी भांडू नकोस.

फॉर्मच्या पसंतीच्या भागाला अजून हात लावू नकोस. आधी एका कागदावर जे विषय सुटणार त्यांची नावं लिही आणि प्रत्येकासमोर, का सोडतेस ते एका ओळीत. "स्कोरिंग नाही" असं लिहिलेलं दिसलं तर मी कागद फाडणार. आणि अकरावीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिला धडा करून आण, पूर्ण, उदाहरणांसकट, आवडतं म्हणतेस ना, मग बघू.

गुरुवारी मी मोकळी आहे. साताऱ्यात दोन कॉलेजं मला माहीत आहेत जिथे आर्ट्स आणि सायन्स एकाच आवारात आहेत, दोन्हीकडे जाऊ. साडेआठच्या एसटीला स्टँडवर ये, मार्कशीटच्या दोन झेरॉक्स घेऊन. काउंटरवर तू बोलायचंस, मी मागे उभी राहीन.

तुझ्या बाई