‘गो’चं ‘गोड’ का होत नाही?

प्रश्न : सर, नातू तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. ‘आय गोड टू स्कूल’ म्हणाला म्हणून सूनबाईंनी त्याच्याकडून 10 वेळा ‘वेन्ट’ लिहून घेतलं. आता तो माझ्यामागे लागलाय, ‘प्ले’चं ‘प्लेड’, मग ‘गो’चं ‘वेन्ट’ कुठून आलं? काय सांगू?
– एक आजी, सांगली

उत्तर : ताई, पोराने नियम अगदी बरोबर लावलाय, हे आधी सूनबाईंच्या कानावर घाला. मी 30 वर्षं आठवी-नववीला ‘गो-वेन्ट-गॉन’ घोकून घेतलं. एका मुलीने हाच प्रश्न विचारला, तर ‘पाठ कर’ म्हणून तिला खाली बसवलं. ते अजून बोचतं.

‘वेन्ट’ मुळात ‘गो’चं नव्हेच. ते ‘वेन्ड’चं. सेन्ड-सेन्ट, बेन्ड-बेन्ट, तसंच वेन्ड-वेन्ट. ‘वेन्ड’ म्हणजे वळणे, त्यावरून वाट धरणे. 14व्या शतकात इंग्रज कवी चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीला निघतात, तिथे त्याने हेच क्रियापद वापरलंय. ‘गो’चा त्याआधीचा भूतकाळ होता ‘एओदे’, तोही दुसऱ्याच धातूचा, म्हणजे उसनाच! 15व्या शतकाच्या अखेरीस ती जागा ‘वेन्ट’ने बळकावली. मग ‘वेन्ड’ बिचारं उघडं पडलं आणि त्याच्यासाठी ‘वेन्डेड’ असं नवं रूप शिवावं लागलं.

पण इंग्रजीला हसायची सोय नाही. आज आपण ‘जातो’ आणि काल ‘गेलो’. ‘जालो’ का नाही? ‘जाणे’ आलं संस्कृत ‘या’ धातूवरून. ‘यव’चा ‘जव’ झाला, तसा इथेही ‘य’चा ‘ज’. ‘गेला’ मात्र ‘गम्’च्या ‘गत’वरून. कृत-केला, मृत-मेला, गत-गेला, एकदा मोठ्याने म्हणून बघा. ‘होणे’ आणि ‘झाला’ ही तशीच जोडी: एक ‘भू’च्या घरचं, दुसरं ‘जन्’च्या ‘जात’वरून आलेलं. रोज तोंडात असतात म्हणून असली आडमुठी रूपं टिकतात. वर्षातून दोनदा लागणाऱ्या क्रियापदाचे एवढे लाड कोण करणार?

नातू लहानपणी ‘मी बागेत जालो’ म्हणाला होता का, आठवून बघा. माझी मुलगी म्हणायची. आम्ही घरभर हसलो होतो. 10 वेळा ‘गेलो’ लिहायला काही लावलं नव्हतं.