गादमाशी, मिजमाशी की नुसती गाठ?

प्रश्न डिचोलीच्या एका ताईंचा आहे. परसातल्या मानकुराद आंब्याच्या पानांवर बारीक बारीक टेंगळं आलीत, एकजण म्हणाला गादमाशी, दुसरा म्हणाला मिजमाशी, शेजारच्या आजी म्हणतात झाडाला देवी आल्या, तर फोटोखाली नेमकं काय लिहायचं आणि इंग्रजीत ज्याला गॉल म्हणतात त्याला मराठीत धड शब्द आहे की नाही?

ताई, जे दिसतंय त्याला गाठ म्हणा, काही बिघडत नाही. ही गाठ झाडानेच वाढवलेली असते पण कुणाच्या तरी चिथावणीने, म्हणजे बहुतेकदा आत अळी असते आणि तिच्यामुळे तिथल्या पेशी भलत्याच वाढतात, मग तेच तिचं घर आणि तेच तिचं जेवण. अशा सगळ्या गाठींना मिळून एक शब्द रोजच्या मराठीत नाही हे खरंय, पण म्हणून आपल्याला गाठी माहीत नव्हत्या असं कोणी म्हणू नये. बाळगुटीची पुडी उघडून बघा. त्यातलं मायफळ हे फळ नाहीच, ओकच्या जातीच्या एका झाडावर गांधीलमाशीच्या नात्यातला एक बारका कीटक अंडं घालतो त्याची ती गाठ, आणि काकडशिंगी म्हणजे मावा किडीमुळे झाडावर आलेली पोकळ शिंगासारखी गाठ. दोन्ही आपण सहाणेवर उगाळून लेकरांना चाटवल्यात. आपल्या लोकांनी आकार बघितला आणि फळ, शिंग अशी नावं ठेवून मोकळे झाले, करणारा कोण याची चौकशी केली नाही. मला ही पद्धत आवडते.

आता गादमाशी. हा शब्द शेतीतला, आणि नुसतं गादमाशी म्हटलं की आधी भातावरचीच आठवते (तिळावरची पण आहे, म्हणून पिकाचं नाव पुढे जोडलेलं बरं). सरदीच्या, म्हणजे पावसाळी भातात मधेच एखादा फुटवा कांद्याच्या पातीसारखा गोल, पोकळ, फिकट चंदेरी निघतो, त्याला चंदेरी पोंगा म्हणतात, त्या फुटव्याला लोंबी येत नाही. मादी पानावर अंडी घालते, अळी पान आणि खोडाच्या मधून सरकत खाली कोंबाच्या टोकापर्यंत जाते आणि तिथे खायला लागली की पानाचा देठाकडचा भाग नळीसारखा वाढत सुटतो. शेवटी कोष त्या नळीतून अंगावरच्या काट्यांच्या जोरावर वर चढतो, टोकाजवळ भोक पाडतो, चिलट उडून जातं आणि रिकामं कवच भोकात अर्धं बाहेर लटकत राहतं. ते कवच दिसलं की ओळख पक्की समजा.

बरं, हिला माशी का म्हणायचं? दिसायला ती माशी नाहीच, लांब पायांची, नाजूक, मादीचं पोट लालसर, गोव्यात कोणीही बघितली तर जळार, म्हणजे डास म्हणेल. पण पंख दोनच, आणि दोन पंखांच्या गटात घरमाशी, डास, चिलट सगळे एकत्र येतात, त्या हिशोबाने माशी चालतं. माझं मत विचाराल तर गादचिलट जास्त बरोबर झालं असतं, पण रूढ शब्दाशी कोण भांडणार. (कोंकणीत माशीला मूस म्हणतात, आणि आपली मूस सोनाराकडची, त्यामुळे आमच्या घरी लहानपणी बरेच विनोद झालेत.) मिजमाशी हा तर जोडशब्दच गंमतीचा, मिज म्हणजे इंग्रजीतलं चिलट आणि त्याला परत माशी, पण आंबेवाल्यांमध्ये तोच चालतो, तेव्हा तुमच्या झाडाला गादमाशीपेक्षा मिजमाशी जवळची.

पण मिजमाशी म्हणून जात कळत नाही! आंब्यावर गाठी करणाऱ्या प्रोकॉन्टारिनिया या गटातल्याच बऱ्याच जाती आहेत, त्यातली पानावर चामखिळीसारख्या गाठी करणारी मॅटेआना १९०६ साली कीफर आणि चेक्कोनी यांनी वर्णन केली. प्रत्येकीची गाठ थोडी वेगळी, म्हणून पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो लागतो. आणि गाठ सारखी दिसली तरी माशी तीच असेल असं नाही. भातावरच्या माशीचं वर्णन वुड-मेसन यांनी १८८९ मध्ये केलं, आफ्रिकेतल्या भातावर पण तसेच पोंगे यायचे म्हणून तीच समजत होते, ती वेगळी जात आहे हे हॅरिस आणि गान्ये यांनी १९८२ मध्ये दाखवलं. नर, मादी, अळी, कोष सगळं भिंगाखाली धरून बघावं लागतं, मिशांचे गाठीगाठींचे तुकडे, पंखावरच्या मोजक्याच शिरा, पूर्ण वाढलेल्या अळीच्या छातीखालचं तपकिरी पातं. जात की प्रजाती यात पण घोळ आहे, जुन्या मराठी पुस्तकांत प्रजाती हा वरचा गट आणि जाती त्याच्या खालची, पेपरवाले उलटं लिहितात. मी जुनंच धरते.

आणखी एक, सगळ्या गाठी माशीच्या नसतात. तुमच्याकडे सातवीण असेल तर तिच्या पानांवरचे फोड बघा, ते उड्या मारणाऱ्या बारक्या तुडतुड्यासारख्या किड्याचे, करंजाच्या पानावरचे कोळ्याच्या नात्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या कोळीकिडीचे. तुम्हाला हौस असेल तर गाठी असलेली पानं बाटलीत घाला, तोंडाला मलमल बांधा आणि थोडे दिवस थांबा. त्यातून जे बाहेर येईल त्याचे पंख आधी मोजा, कारण बऱ्याचदा माशीच्या अळीला खाऊन मोठी झालेली चार पंखांची परजीवी गांधीलमाशीच बाहेर पडते आणि लोक तिलाच गाठवाली समजून फोटो टाकतात. तोपर्यंत "मानकुरादच्या पानावरच्या गाठी, बहुधा मिजमाशीच्या, डिचोली" एवढं लिहा, आणि महिना टाका, पालवी कोवळी होती की जून तेही.