देवघरातली डबी

पत्र : "आमचे हे ७६ वर्षांचे आहेत. सात वर्षांपूर्वी दोन्ही कानांना मशीन घेतलं. पहिली तीन-चार वर्षं छान गेली. आता दुपार झाली की मशीन काढतात आणि देवघरातल्या डबीत ठेवून देतात. म्हणतात, 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.' मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, बाबांना विसर पडायला लागलाय, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू, नाहीतर दीड लाखाचं नवं मशीन घेऊ. दर्ग्यातल्या उरसाचं गाणं यांनी कधी चुकवलं नव्हतं. यंदा 'गाणं फाटल्यासारखं ऐकू येतं' म्हणून घरीच राहिले. मी दिवसभर ओरडते, वर हेच विचारतात, 'ओरडतेस कशाला?' खरं सांगू? पुष्कळ गोष्टी मी आता यांना सांगतच नाही. माझं चुकतंय का?" – एक वाचक, मिरज

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा शेवटच्या दोन वाक्यांपाशी थांबले. भाजी संपली, गॅसवाला आला, हे ओरडून सांगता येतं. सुनेच्या बोलण्याचं वाईट वाटलं, रात्री छातीत धडधडलं, हे कसं ओरडून सांगायचं? शेजारी ऐकतील, आणि ओरडून सांगितलं की ते भांडणच वाटतं. तेव्हा तुमचं चुकत नाही. तुम्ही दमला आहात.

आता यांच्याकडे वळू. 'आवाज येतो, शब्द कळत नाहीत' हे वाक्य ते हट्टाने म्हणत नाहीत. उतारवयात कान जातो तो आधी वरच्या पट्टीतला. आ, ओ, ऊ हे स्वर जाड असतात, ते पोचतात. स, श, त, थ, फ ही बारीक अक्षरं गळतात. 'साखर' म्हटलं की 'आखर' ऐकू येतं आणि माणूस अंदाजाने जोडत बसतो. वर दुसरी गंमत अशी, की अशा कानाला हळू बोललेलं पोचत नाही आणि जरा मोठ्यांदा बोललेलं लगेच टोचतं. म्हणून 'ओरडतेस कशाला'. तुम्हा दोघांचंही खरं आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला कुठे सापडली नाही. सात वर्षांत कानांची तपासणी पुन्हा कधी झाली? मला वाटतं, झालीच नसावी. मशीन लावलं आणि प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. तुम्ही तर तंबोऱ्यांच्या गावच्या. जवारी काढून, तारा सुरात लावून दिलेला तंबोरा सात वर्षं कुणी पुन्हा न जुळवता वाजवतं का? यांचा कान सात वर्षांनी पुढे गेला आणि मशीन अजून जुन्याच मापावर बोलतंय. शिवाय मशीनचंही वय असतं, साधारण पाच वर्षांच्या आसपास ते कुरकुरायला लागतं.

माझ्या आईचं सांगते. ती सहा महिने 'मशीन मेलं' म्हणत होती आणि आम्ही तिला 'तू नीट लावत नाहीस' म्हणत होतो. दुकानदाराने नवं मशीन दाखवलं, आम्ही जवळजवळ घेतलंही. शेवटी ऐकण्याची तपासणी करणाऱ्या एका तरुण ऑडिओलॉजिस्ट मुलीने आधी कानात बघितलं. कानात मळाचा बोळा, आणि मशीनच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते तीही मळाने बुजलेली. जाळी बदलली, मळ काढला, आणि घरी येताना आई रिक्षावाल्याला म्हणाली, 'अरे, किती बडबडतोस!' आम्हाला हसावं की रडावं कळेना. तिला सहा महिने उगाच बोललो होतो.

तर क्रम असा ठेवा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ बघून घ्या. मग नवी ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची चाचणी, आणि त्या नव्या आलेखावर जुनंच मशीन पुन्हा लावून घ्यायचं. कानात बारीक नळी घालून, पडद्यापाशी आवाज खरोखर किती पोचतो हे मोजता येतं. ती सोय आहे का, हे आवर्जून विचारा. मशीनचा कानात बसणारा साचा सैल झाला असेल किंवा त्याची नळी कडक झाली असेल तर बदला. गाण्याचंही तिथेच सांगा. मशीन मुळात बोलणं कळावं म्हणून लावलेलं असतं. तानेला ते शिट्टी समजून दाबायला जातं, म्हणून गाणं फाटतं. गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बऱ्याच मशीनमध्ये घालून मिळतो. आणि हो, रोज किती तास मशीन चालू होतं याची नोंद पुष्कळ मशीनं ठेवतात. ती चहाडी बाहेर आली तर तिथे यांना बोलू नका.

देवघरातली डबी मात्र हलवा. उदबत्तीची राख आणि कुंकू माइकच्या भोकात जायला वेळ लागत नाही. हवाबंद डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, पावसाळ्यात तर हवीच. बदलायचे सेल असतील तर रात्री सेलचं झाकण उघडं ठेवा. नव्या सेलवरचा कागद काढला की तो वापरा न वापरा, उतरायला लागतो.

हे सगळं करूनही शब्द कळले नाहीत, तर नवं मशीन जरूर घ्या, पण घरी काही दिवस वापरून बघितल्याशिवाय दीड लाख मोजू नका. परिस्थिती बेताची असलेल्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळतं, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवते.

मुलाची काळजी खोटी नाही. पण ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही, तो उत्तर विसरला असं कसं म्हणायचं? स्मरणशक्तीची चाचणी करा, मशीन ठीक झाल्यावर, कानात घालून. मशीनने मेंदू शाबूत राहतो का, यावर अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं तपासलं, २०२३ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी होता. तेव्हा 'मशीन घातलं की स्मृतिभ्रंश टळतो' अशी जाहिरात दिसली तर पान उलटा. आणि एक कान अचानक, एक-दोन दिवसांत गेला, तर मशीनवाल्याकडे न जाता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नव्याने लावलेलं मशीन पहिले काही आठवडे टोचेल. भांडी, कुकर, पंखा, सगळं अंगावर येईल. दुपारी काढू द्या, संध्याकाळी पुन्हा घालायला सांगा. तुम्हीही स्वयंपाकघरातून हाक मारणं सोडा. टीव्ही बंद करून, उजेडात समोर बसून, नेहमीच्या आवाजात जरा सावकाश बोला. ओठ दिसले की निम्मं काम होतं.

राहून गेलेल्या गोष्टींपैकी एखादी, असं समोर बसाल त्या दिवशी सांगा. कोणती सांगितलीत, ते मला कळवू नका.