कॅनडातल्या कॅलगरी शहराचे जुने फोटो बघताना

आधी इमारती नका बघू, रस्ता बघा. मधोमध ट्रामचे रूळ दिसले की फोटो १९०९ किंवा नंतरचा, कारण ट्राम तेव्हा सुरू झाली. मग भिंती. १८८६च्या नोव्हेंबरातल्या आगीत लाकडी दुकानं जळाली आणि पुढे पिवळसर वालुकाश्माची बांधकामं वाढली. पण लाकडी घरं नंतरही होतीच, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका.

खरी फसगत नावांत होते. १९०४ मध्ये रस्त्यांना क्रमांक दिले. फोटोमागे ‘स्टीफन ॲव्हेन्यू’ लिहिलं असेल तर नकाशात आठवी ॲव्हेन्यू शोधा. भिंग मात्र हाताशी ठेवाच. एका पाटीवरची पुसट अक्षरं जुळवत मी तासभर बसलो होतो. दुकान ओळखू आलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.